आण्णांनी ॲव्हरेज विचारलंच नाही

पुणे, रविवार दुपार

पक्या,

दिवाळीपासून पत्र नाही, आणि फोनवर आपलं बोलणं म्हणजे "हां, बोल, ठेवतो." शिव्या भेटल्यावर दे. इकडे सगळे बरे. आण्णांचा गुडघा तसाच, साखर आटोक्यात, माझं बीपी गोळीवर. झालं.

मोठी गाडी घ्यायची आहे. जुनीच. अक्काचं तुला माहीत आहे. ती मुलांना घेऊन आल्यापासून आम्ही सात डोकी. गावाला निघायचं तर निम्मं घर गाडीत, निम्मं एसटीत, आणि कुणी कशात बसायचं यावरून आदल्या रात्री भांडण. म्हणून महिनाभर मी नुसता भागाकार करतोय. शुभा म्हणते, या माणसाला गाडी नको, गणित हवंय.

पण गणित ऐकच. वर्षाला 9000 किलोमीटर धरलंय. 2014 ची डिझेल इनोव्हा खऱ्या रस्त्यावर लिटरला 12 किलोमीटर देते. डिझेल 90 रुपयांनी धरलं तर 67,500. पेट्रोलची अर्टिगा भरल्या घरानिशी 14 देईल. पेट्रोल 104 धरलं तर साधारण 66,900. म्हणजे सारखंच की! मोठी गाडी म्हणजे डिझेल खाणारा राक्षस, हे आपण इतकी वर्षं उगाच घोकत आलो. सीएनजीची अर्टिगा मात्र किलोला 22 धरली आणि गॅस 92 ने, तर 37,600. वर्षाला तीस हजारांचा फरक. यावर तू म्हणशील, मग घे की सीएनजी, पत्र कशाला लिहितोस. थांब. ती गाडी या इनोव्हापेक्षा दोन लाखांनी महाग पडते. दोन लाख वसूल व्हायला साडेसहा वर्षं. शिवाय सिलिंडर डिकीत, तिसरी रांग उघडली की सामानाला जागा नाही. म्हणजे टपावर कॅरिअर, वारा अडणार, ॲव्हरेज पडणार. आणि एका भरणीत जेमतेम दोनशे किलोमीटर, आपलं गाव गारगोटी तर तीनशेच्या घरात. म्हणजे उरलेलं पेट्रोलवर जाळायचं, नाहीतर हायवेवर कुठेतरी मुलांना उन्हात उतरवून गॅसच्या रांगेत उभं राहायचं. अक्काची धाकटी रांगेत उभी राहते असं तुला वाटतं का?

कंपनीचे आकडे मला सांगू नकोस. ते आकडे ज्या एआरएआयचे, ती गाड्या तपासणारी संस्था इथेच कोथरूडला वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर पळते, एसी बंद, खड्डा नाही, मागे लग्नाचं सामान नाही. या इनोव्हाला तिथे 12.99 मिळाले होते. विकणाऱ्या पोराने मला मीटरवर 15.6 दाखवले! मी म्हटलं, बाबा रे, हायवेवर मीटर शून्य करून कुणीही 15 दाखवेल. टाकी फुल करू, शंभर किलोमीटर फिरवू, पुन्हा फुल करू. तर म्हणतो, सर, एवढं कुणी करत नाही.

कुणी करत नाही! आण्णांच्या वडाप ट्रॅक्स जीपच्या मागे फळीवर उभा राहून "गारगोटी, गारगोटी" ओरडणाऱ्या तुला हे ऐकून काय वाटलं असतं? ती लाल वही आठव. टाकी फुल ते टाकी फुल, मधले किलोमीटर, समोर आकडा. आपण गुपचूप गाडी नदीवर नेली, धुऊन पुसून जागेवर लावली, आणि तिसऱ्या दिवशी आण्णांनी वही पुढे करून विचारलं, "हे अर्धा लिटर कुणी प्यालं?" तू तेव्हा माझं नाव सांगितलंस. विसरलेलो नाही.

आणि फोंडा घाटाचा वाद. उतारावर व्हॅन न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं असं मी म्हणायचो, तू म्हणायचास गिअरमध्येच ठेव. परवा इथल्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअरमध्ये पाय काढला की इंधन बंदच होतं. न्यूट्रल केली तर उलट आयडलिंगचं जळतं, आणि सगळा भार ब्रेकवर. तू आता नाचशील. नाचू नकोस. आपली व्हॅन कार्ब्युरेटरची होती. तिला हा नियम लागू नाही. ब्रेकचा वास येत होता हे मात्र मी कधीच नाकारलेलं नाही.

धुराच्या नव्या नियमांतलं, बीएस-6 डिझेलही पाहिलं. पण माझं ऑफिस सात किलोमीटरवर, सगळा रस्ता फर्स्ट-सेकंडमध्ये. त्याच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर अशा रखडण्याने चोंदतो, अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पळवून जाळावा लागतो. जुन्या इनोव्हाला ते झंझट नाही. पण 2029 ला तिची पंधरा वर्षं भरणार. मग पुन्हा पासिंग, पर्यावरण कर. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड इनोव्हा हायक्रॉस गर्दीतच जास्त वाचवते, पण तिची किंमत आपल्या खिशाबाहेरची. आणि पेट्रोल घ्यावं तर त्यात तुझा ऊस! वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाडीचं ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल असं नीती आयोगानेच 2021 मध्ये लिहून ठेवलंय. तू बिल घेणार, मी ॲव्हरेज गमावणार.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल आण्णांना इनोव्हा दाखवायला नेलं. पुढच्या सीटवर बसणार नाहीत म्हणाले. मधल्या रांगेत बसले, पाय पसरले, खिडकी खाली-वर केली. मी वाट बघत होतो. आता विचारतील, मग विचारतील. पोराने आपणहून 15.6 सांगितलं तरी मान वर केली नाही. म्हणाले, "ही घे. पाय दुखत नाही."

पक्या, त्यांनी ॲव्हरेज विचारलं नाही. शुभाला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, त्यांना आवडली. अक्का म्हणाली, वय झालं आता. त्या वहीसमोर तू आणि मी उभे राहिलोय, बाकी कुणी नाही. रात्री मी तो सगळा हिशेब त्यांच्यासमोर ठेवला, तीस हजार, साडेसहा वर्षं, सगळं. चष्मासुद्धा लावला नाही. "तू बघ," म्हणाले. मला ते बोलले असते, सीएनजी घे मूर्खा, तर बरं वाटलं असतं.

शनिवारपर्यंत टोकन द्यायचं आहे. मी इनोव्हाच घेणार बहुतेक, पण तू एकदा भांड माझ्याशी.

ऊस गेला का? वहिनींची बदली रद्द झाली असं ऐकलं, खरं का? चिंगीने पुण्यात ॲडमिशन घेतली तर हॉस्टेल बघू नकोस, इथेच राहील, आठवं डोकं. तात्यांना नमस्कार.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने ये. गाडी तपासायला तुझा तो मिस्त्री आण. त्याच्या जेवणाचं मी बघतो, तुझं तू बघ.

तुझा,
दिन्या