औशाच्या अण्णांना उघडं आभारपत्र

ती. अण्णांस,
शि. सा. न.

मी डॅलसला पोचले. ग्रीन कार्डही टपालानं घरी आलं. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "जेवलीस का?" विचारून विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालू नको म्हणालात, घातलेलं नाही. तहसिलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले अण्णा, एवढं पुरे.

हे वाचणाऱ्यांना आधी प्रकरण सांगते. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, अमेरिकेचे नागरिक. लग्नानंतर त्यांनी तिकडं माझ्यासाठी आय-१३० चा, म्हणजे नातेवाइकाला कायमचं तिकडं नेण्याचा, अर्ज भरला. नागरिकाच्या बायकोला व्हिसाच्या कोट्याची रांग नसते, पण अर्ज मंजूर व्हायलाच वर्षाच्या वर जातं आणि पुढचे टप्पे वेगळे. मी नर्स. मधल्या काळात मला इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी मिळाली, आणि घरीदारी सगळ्यांचं एकच: जाऊ नकोस. पुण्याची मावशी म्हणाली, केस चालू असताना देश बदलला की केस बाद. लातूरच्या एका एजंटानं नवा अर्ज करावा लागेल म्हणून फीचा आकडाही सांगून टाकला. सासूबाईंची काळजी निराळीच होती, ती इथं लिहिण्यासारखी नाही.

तुम्ही कुणालाच खोटं पाडलं नाही. "कागद आण" एवढंच म्हणालात. अर्जाची प्रत आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सूचनांच्या प्रिंट तुम्ही पेन्सिलीनं खुणा करत वाचल्या, इंग्रजी अडलं तिथं नातीला हाक मारली. मग एखाद्या अर्जदाराला विचारावं तसं मलाच विचारलंत.

"अर्ज कुणाचा?"

"ह्यांचा."

"तपासणार कोण?"

"तिथलंच खातं, अमेरिकेत."

"मग अर्जदार जागेवर, खातं जागेवर. तू औशात हाईस का इंग्लंडात, त्यांच्या टेबलाला काय फरक? घाबरायलीस कशाला? फरक पुढं पडंल. फाइल दुसऱ्या ऑफिसात गेली की तुझी हद्द बदलंल, तवा त्यांना कळवायचं."

अगदी तसंच झालं. अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडं जातं. फी, डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म, नवऱ्याचं आर्थिक हमीपत्र आणि बाकीची कागदपत्रं तिथं घेतली जातात. भारतातल्या अशा व्हिसांची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होते, म्हणून माझ्या केस क्रमांकाची सुरुवात 'बीएमबी' या अक्षरांनी होती. पण मुलाखत जिथं राहतो त्या देशातही देता येते. मी तोवर इंग्लंडात राहत होते, म्हणून तिथल्या व्हिसाची नोंद आणि घरभाड्याचा करार पाठवून प्रकरण लंडनला मागून घेतलं. नवा अर्ज नाही, नवी फी नाही. हमीपत्रात अमेरिकेच्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, हे ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हंजे जामीनकतबाच की." ह्यांना तो शब्द इतका आवडला की आता घरात त्या फॉर्मला तेच नाव आहे.

पण माझ्या मते तुमची खरी मदत त्याच्या आधीची, जाण्यापूर्वीची. "तिथं गेल्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का मिळत नसतो," म्हणून तुम्ही मला विमानाचं तिकीट काढू दिलं नाही. माझी जन्मनोंदच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच हिवाळ्यात मी पत्र्याच्या शेडमध्ये जन्मले. निम्मं गाव ढिगाऱ्यात, उरलेलं शेडमध्ये. तेव्हा पोरीची नोंद करायला कोण जाणार? आतापर्यंत शाळेच्या दाखल्यावर निभावलं होतं. अमेरिकेच्या व्हिसाला जन्माचा दाखला लागतोच. नोंदच नसेल तर तसं निबंधकाचं अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि सोबत दुय्यम पुरावे चालतात. हे त्यांच्या सूचनांत लिहिलेलं होतं, पण ते नमुना १० मध्ये मिळतं हे तुम्ही सांगितलंत. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, आईचं प्रतिज्ञापत्र, आणि बाळंतपणाला शेडमध्ये हजर असलेल्या आत्याचं प्रतिज्ञापत्र. आत्याला तहसिलात जायची भीती वाटत होती. तुम्ही तिला चहा पाजून नेलंत आणि तिच्याच शब्दांत मजकूर लिहून घेतलात. त्या रात्री कुणाच्या शेडमधून कंदील आणला तेसुद्धा त्यात आहे. लंडनच्या अधिकारी बाईंनी तो कागद दोनदा वाचला.

वडिलांच्या प्रतिज्ञापत्राला त्यांचा शाळेचा दाखला जोडला होता. त्यावर जिल्हा उस्मानाबाद, माझ्या दाखल्यावर लातूर, गाव एकच. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं निवेदन लागतं. आमच्या भाषांतरकारानं दोन्हीकडं लातूर करून टाकलं, तुम्ही ते परत पाठवलंत. मुळात आहे तेच भाषांतरात पाहिजे, खुलासा वेगळ्या कागदावर: लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला. आता तर उस्मानाबादचंही धाराशिव झालंय. पुढच्या पोरांना आणखी एक खुलासा जोडावा लागणार.

आणि ती फुलस्केप वही. सोळाव्या वर्षापासून कुठं राहिलीस ते तारखेनिशी लिही, असं तुम्ही बजावलंत. लातूरचं हॉस्टेल, संभाजीनगरची खोली, पुण्यातलं भाड्याचं घर, सगळं त्यात उतरलं. तेव्हा मला कंटाळा आला होता, खरं सांगते. पण डीएस-२६० मध्ये नेमके हेच रकाने आहेत, आणि पोलिसांचे दाखले कुठले लागणार तेही यावरूनच ठरतं. ज्या देशाचे नागरिक आहोत तिथं आणि सध्या राहतो तिथं सहा महिन्यांहून जास्त राहिलो असलो तर तिथला दाखला लागतो. बाकी कुठं वर्षभर राहिलो असलो तर तिथलाही. इंग्लंडचा 'एक्रो' या कार्यालयातून घेतला. भारताचा तिथल्या भारतीय उच्चायोगामार्फत मागवला, तेव्हा चौकशीला शिपाई औशाच्या पत्त्यावर आला. "पोरगी इथं राहत नाही," असं शेजारी खरं तेच सांगून बसले होते. तुम्ही वही घेऊन गेलात आणि त्याला घर इथलं, नोकरी तिथली, असं समजावून दिलंत.

बाकीचं सोपं गेलं. मेडिकल ज्या देशात मुलाखत असते तिथल्याच नेमलेल्या डॉक्टरकडं करावी लागते, तेव्हा मुंबईत आधीच उरकून ठेवायचा मावशीचा सल्ला मोडीत निघाला. मूळ कागद ह्यांच्याकडं पाठवायचे नाहीत, स्वतःजवळ ठेवायचे, हा तुमचा हट्ट मुलाखतीच्या खिडकीशी कामाला आला. अपलोड केलेल्या प्रती असूनही त्यांनी मूळ मागितले. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवलं तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे. माझी दोन वर्षं वाटेतच उलटून गेली होती, त्यामुळे थेट दहा वर्षांचं मिळालं. "उशिराचं व्याज," तुम्ही म्हणालात.

अण्णा, हा सगळा काळ मी औशात दारातल्या टपालाकडं बघत काढला असता. त्याऐवजी वॉर्डात काम केलं, धाकट्याची इंजिनिअरिंगची फी माझ्या पगारातून भरली, सासरी पोचले ती माझ्या नावावर बचत घेऊन. त्या एजंटाला एक रुपया दिला नाही. तुम्हीही घेतला नाहीत. झेरॉक्सचे पैसेसुद्धा आईला परत दिलेत, याचा मला अजून राग आहे.

आता एक काम. उदगीरची एक मुलगी जर्मनीत नर्स आहे, नवरा न्यू जर्सीला, आय-१३० चालू. तिला माझं नाव कुणीतरी सांगितलं. पत्त्यांची वही तिनं सुरू केली आहे. पण तिच्या जन्मनोंदीत तारीख आहे, आईवडिलांची नावं आहेत आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे. तुम्हाला न विचारता तुमचा नंबर दिलेला नाही. देऊ का? नाहीतर तिला काय सांगायचं ते मला कळवा. ती नाताळात गावी येते आहे, त्याआधी कळलं तर बरं.

तुमची,
शेडमध्ये जन्मलेली लेक