मीटर बदला, पण त्या चार स्क्रूंची जबाबदारी आधी ठरवा

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

स्मार्ट मीटरचा वाद जवळजवळ सगळा बिलाभोवती फिरतो. जून २०२४ मध्ये सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर झालं. मग टीओडी (वापराच्या वेळेनुसार दर लावणारे) मीटर आले, १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला सवलतही मिळू लागली. रीडिंगबद्दल तक्रार आली तर पाच दिवसांत शेजारी दुसरा तपासणी मीटर लावायचा आणि किमान तीन महिने आकडे ताडून बघायचे, अशी तरतूद केंद्राने २०२४ मध्ये नियमांत केली आहे. ती पाळली तरी बराच वाद मिटेल. मी परवानाधारक वायरमन आहे. मला काळजी आहे ती मीटर बदलतानाच्या दहा मिनिटांची.

जुन्या वाड्यातला मीटर बोर्ड कधी उघडून बघा. लाकडी फळी भिंतीच्या ओलीने फुगलेली, खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, कित्येक वर्षं न हललेली, टोकाला पांढुरकी पूड धरलेली. ती वायर जुन्या मीटरमधून ओढली की दोन-तीन तारा तुटतात. उरलेल्या तारांवरच नवा मीटर जोडला तर पहिल्या दिवशी सगळं सुरळीत दिसतं. पण ॲल्युमिनियम मऊ, दाबाखाली बसत जातं आणि स्क्रू सैल होतो. संध्याकाळी गिझर, इस्त्री लागली की तिथेच वायर तापते, इन्सुलेशन करपतं, टर्मिनल, म्हणजे वायर जोडायची जागा, वितळायला लागतं. लोक म्हणतात, स्मार्ट मीटर जळाला. मीटरचा दोष नसतो, दोष त्या टोकाचा असतो.

थ्री फेज घरात न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सैल राहिला तर गोष्ट आणखी वाईट. २३० व्होल्टच्या फ्रीज-टीव्हीवर ४०० च्या आसपास दाब जाऊ शकतो. फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल उलटे लागले तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये करंट राहतो, आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो.

यात जबाबदारी कोणाची? मीटरपर्यंतचं कंपनीचं, मीटरपुढचं ग्राहकाचं, असं उत्तर नेहमी मिळतं. पण मीटरच्या तळाशी इनकमिंग (बाहेरून येणाऱ्या) आणि आउटगोइंग (घरात जाणाऱ्या) वायरचे स्क्रू एकाच ओळीत असतात आणि ते सगळे मीटर बसवणाराच पिळतो. घरचा वायरमन सील तोडून ते तपासू शकत नाही. तोडलं तर गुन्हा. म्हणजे ज्या जागी आग लागायची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच ग्राहकाचे हात बांधलेले. एकूण दोन कोटींहून अधिक मीटर बदलण्याची योजना आहे, काम ठेकेदारांकडे आहे. माणसाला दिवसाला अमुक इतके मीटर संपवायचे असतील तर तो वायरचं टोक नव्याने सोलत बसणार नाही, हे मी कामाच्या अनुभवावरून सांगतो.

म्हणून मागणी साधी आहे. मीटर बदलल्याच्या पावतीवर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग फोटोसह हवं, आणि काम करणाऱ्याचं नाव व परवाना क्रमांक हवा. टोकं कापून नवीन केली, लग (टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) लावले, फेज-न्यूट्रल तपासला, अर्थिंग बघितलं, हे त्याने लिहून सही करावी. घरात कोणी नसताना मीटर बदलू नये. ॲल्युमिनियमची वायर असेल तिथे महिन्याभरात पुन्हा येऊन स्क्रू आवळावेत आणि नवं सील लावावं. याचे पैसे ग्राहकाकडून घेऊ नयेत. चाळीत जिन्याखाली वीस-पंचवीस मीटर एकत्र असतात, शेजारी दुचाकी लावलेल्या असतात. तिथे आधी विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडून तपासणी व्हावी, मगच मीटरला हात लावावा.

आणि सहा महिन्यांत टर्मिनल जळालं, तर नुकसानभरपाई बसवणाऱ्या एजन्सीने द्यायची, हे ठेक्यात लिहा. तसा आदेश पावसाळ्यापूर्वी निघावा, ही विनंती.

आपला,
एक परवानाधारक वायरमन, सांगली