शनिवारचा चित्रपट : ‘मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाउस’

सभासदांनो, आठवण : येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, नेहमीच्या सभागृहात. १९४८चा कृष्णधवल विनोदी चित्रपट, दिग्दर्शक एच. सी. पॉटर, कलाकार कॅरी ग्रँट, मर्ना लॉय, मेल्विन डग्लस. मॅनहॅटनच्या अपुऱ्या जागेला वैतागलेला जाहिरातवाला कनेटिकटमध्ये जुनं घर विकत घेतो आणि बघायला येणारा प्रत्येक तज्ज्ञ एकच सांगतो, पाडा! मग नवं बांधकाम, विहीर, वाढतच जाणारी बिलं. (घर बांधून बसलेल्यांनी जपून हसावं.) मिसेस ब्लँडिंग्ज रंगाऱ्याला खोल्यांचे रंग समजावतात तो प्रसंग अजिबात चुकवू नका, मर्ना लॉय तिथे भाव खाऊन जाते. लांबी दीड तासाहून थोडी जास्त, मध्यंतर नाही. पाहुणे आणणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत.