मालिकेतली ती सरळ का विचारत नाही?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मालिकांतल्या बायका एकतर रडतात, नाहीतर कट करतात, नाहीतर सोसतात, अशी तक्रार वाचकपत्रांतून नेमाने येते. ती खोटी नाही. पण खापर जवळपास दर वेळी संवादलेखकाच्या डोक्यावर फुटतं. ‘काय ते डायलॉग!’ म्हणून वाचक मोकळे होतात. संवाद वाईट असतात, मान्य. मात्र ते बहुतेकदा आधीच्याच टप्प्यावर बिघडलेले असतात. त्या टप्प्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

दैनंदिन मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन नावं वेगवेगळी येतात. कथालेखक वाहिनीच्या मंडळींबरोबर बसून पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे कथानकाचा धागा, ठरवतो. पटकथालेखक त्याचे भाग पाडतो आणि सीनवार टिपणं काढतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं उरतात. त्यात साधारण आठ-दहा सीन बसतात. संवादलेखकाच्या हाती येतात ती ही टिपणं, बऱ्याचदा रात्री उशिरा, आणि सकाळी सेटवर पानं हवी असतात. टिपणात सीनमागे दोन-तीन ओळी: ‘ती कागद बघते. हादरते. सासू टोमणा मारते. ती रडत आत जाते.’ एवढ्यावर दोन पानं बोलणं उभं करायचं.

या टिपणांतली क्रियापदं पेन्सिलने अधोरेखित करून पाहावीत. एका आठवड्याच्या भागांवर हा उद्योग केला तरी चित्र स्पष्ट होतं. नायिकेच्या वाट्याला येतं ते हादरते, ऐकते, गप्प होते, समजावते, कोसळते. पुरुषांच्या वाट्याला ठरवतो, निघतो, लपवतो, सही करतो, फोन लावतो. पहिल्या यादीतली एकही गोष्ट आपणहून घडत नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी काहीतरी करावं लागतं, मग ती हादरणार. अशा सीनमध्ये तिला मागायचं काहीच नसतं. मग ती बोलणार काय? आपल्या भावनांचं वर्णन करणार. ‘मी या घरासाठी काय नाही केलं?’ हे वाक्य तिथे जन्माला येतं. ते लिहिणाऱ्यालाही आवडत नसतं, पण त्या चौकटीत दुसरं काही सुचतही नाही.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो संवादाच्या आधीच करावा लागतो. प्रत्येक सीनच्या डोक्यावर एक ओळ लिहायची: सीन संपताना तिला हातात काय हवंय? उत्तर धरता येण्याजोगं पाहिजे. एखादी सही, किल्ली, नाव, तारीख, होकार. ‘तिला न्याय हवाय’ हे उत्तर चालत नाही. न्याय खोलीतून उचलून नेता येत नाही.

उदाहरण घेऊ. नवऱ्याने बायकोची खोटी सही करून कर्ज काढलंय आणि तिला ते कळलंय. नेहमीच्या पद्धतीने दिवाणखान्यात पाच-सहा माणसं उभी असतात आणि ती कागद नाचवत म्हणते, ‘तुम्ही माझा विश्वासघात केलात! स्वतःचं सुख बाजूला ठेवून मी या घराला आपलं मानलं आणि तुम्ही माझ्या नकळत माझी सही वापरून कर्ज घेतलंत?’ यात माहिती आहे ती शेवटच्या तुकड्यात, आणि तीही प्रेक्षकांसाठी. नवऱ्याला ती आधीच ठाऊक आहे. त्याच्यापुढे मार्ग दोनच उरतात, नाकारणं किंवा माफी मागणं. बाकीच्या चौघांचे चेहरे कॅमेरा एकेक करून दाखवतो आणि सीन तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावर थांबतो.

आता हाच सीन ‘तिला सही करणाऱ्याचं नाव हवंय’ असं ठरवून लिहू. दिवाणखाना नको, दाराजवळची जागा. तो बूट घालतोय.

‘सात तारखेला काय असतं?’
‘सात तारखेला? काही नाही. का?’
‘तीन महिने सात तारखेलाच पैसे जातायत खात्यातून.’
‘विम्याचे असतील.’
‘विमा मी भरते.’
(तो नाडी बांधत राहतो.)
‘संध्याकाळी बोलू.’
‘संध्याकाळी बँक बंद असते. सही कुणी केली, तेवढं सांगून जा.’

आठ ओळींत भावनेचा एकही शब्द नाही आणि कुणी कुणावर ओरडलेलं नाही. तरी कोण घाबरलंय ते कळतं. शिवाय विमा ती भरते, घरातला हिशेब तिच्या डोक्यात असतो, ही पात्राची माहिती भांडणाच्या ओघात आली. एक बारकावा मुद्दाम सांगतो. या सीनमध्ये ‘तू’ही नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. शेवटचं ‘जा’ दोन्हीकडे चालतं. मराठी नवरा-बायको रागाने थंड झाली की सर्वनामच गाळतात. ‘जेवायचंय का?’ असं भिंतीला विचारल्यासारखं विचारतात. हे ऐकण्यातून येतं. पाच माणसांच्या दिवाणखान्यात ते जमत नाही, कारण तिथे बोलणाऱ्याला प्रत्येकाला उद्देशून काहीतरी म्हणावं लागतं.

मग दिवाणखानाच का? कारण तो सेट उभा आहे, तिथलं लायटिंग झालेलं आहे आणि त्या दिवशी ज्यांच्या तारखा मिळाल्यात त्या सगळ्यांना एका फटक्यात वापरता येतं. हे कारण मी हसण्यावारी नेत नाही. रोजचा एक भाग काढायचा तर ते खरंच आहे. दाराआडून ऐकण्याचंही तसंच. नवी जागा, नवा नट, नवं सामान काही न लागता माहिती एका पात्राकडून दुसऱ्याकडे पोचते. तोटा असा की तिला जे कळतं ते योगायोगाने कळतं. शोधून काढण्याचं श्रेय तिला मिळत नाही. त्याच सेटवर, तेवढ्याच खर्चात ती पासबुकातल्या नोंदी जुळवू शकते, नाहीतर एका नंबरवर फोन लावून गप्प राहू शकते, पलीकडून कोण बोलतंय ते ऐकायला.

गैरसमजाचा ट्रॅक हे याहून मोठं दुखणं. नवऱ्याला परक्या बाईबरोबर पाहिलं, आणि तिथून महिना-दीड महिना ती त्याला एक प्रश्न विचारत नाही. प्रेक्षक चिडतात, त्यांचं बरोबर आहे. लेखकाची अडचण अशी की तिने विचारलं तर ट्रॅक दुसऱ्याच दिवशी संपतो आणि वाहिनीला तो चालवायचा असतो. म्हणून तिला गप्प ठेवतात, आणि ती मूर्ख दिसू लागते. खरं तर तिला विचारू द्यावं आणि उत्तर खोटं मिळू द्यावं. खोटं उत्तर मिळालं की ती पडताळणार. पडताळताना अर्धंच सापडणार. त्याला आपलं खोटं सांभाळायला आणखी एक खोटं लागणार. ट्रॅक तेवढाच लांबतो, किंबहुना जास्तच, आणि मूर्ख कुणीच ठरत नाही. भागाच्या शेवटी लागणारा हुक, म्हणजे उद्याचा भाग बघायला लावणारा क्षण, तोही यातून रोज मिळतो. हे न करण्यामागे आळसाखेरीज दुसरं कारण मला दिसत नाही.

आता ‘खंबीर नायिके’बद्दल. रडकी नको म्हटल्यावर जी आणली जाते, ती भाषणं करते. सगळे गप्प उभे, ती बारा-पंधरा वाक्यं सलग बोलते, शेवटी कुणाच्या तरी थोबाडीत. यात ताकद असते ती पार्श्वसंगीताची. घरात कुणीही कुणाला पंधरा वाक्यं सलग बोलू देत नाही. तिसऱ्या वाक्याला कुणीतरी ‘आवाज खाली’ म्हणतं, कुणी विषय बदलतं, कुणी उठून जातं. खंबीरपणा दिसतो तो त्या अडथळ्यानंतर ती कुठून पुन्हा सुरू करते, यात. त्यामुळे लांबलचक संवाद लिहून झाला की दर तीन वाक्यांनी तो तोडायचा आणि तोडणाऱ्याला खरोखर वजनाचं काहीतरी म्हणायला द्यायचं. समोरच्याच्या तोंडी पडेल मुद्दे दिले की नायिका जिंकते आणि सीन पडतो. खलनायिकेचंही हेच. तिला निदान एका वादात बरोबर ठरू द्यावं. आणि आरशासमोरचं तिचं स्वगत काढून तिला एक साथीदार द्यावा, तोही असा की जो तिला ‘हे फार होतंय’ म्हणेल.

बायकांच्या बोलण्याबद्दल एक ठरलेली समजूत असते: त्या आडून बोलतात, ‘जरा’, ‘म्हणजे’, ‘हो ना?’ फार वापरतात. रॉबिन लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ च्या पुस्तकात इंग्रजीतल्या अशा लकबींची मांडणी केली आणि त्यांना बायकांची भाषा म्हटलं. पुढे १९८० मध्ये विल्यम ओ’बार आणि बोमन अ‍ॅटकिन्स यांनी अमेरिकी न्यायालयांतल्या साक्षी तपासल्या. त्यांना दिसलं ते असं की या लकबी साक्षीदाराच्या हुद्द्याशी आणि सरावाशी जास्त जुळतात. तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्या बायकांच्या बोलण्यात त्या कमी होत्या आणि बुजलेल्या पुरुषांच्या बोलण्यात भरपूर. संवादलेखकाला हे सोन्यासारखं आहे. नायिका डॉक्टर असेल तर पेशंटबद्दल रुग्णालयाच्या विश्वस्तांसमोर ती म्हणेल, ‘म्हणजे, मला वाटतं, अजून एक दिवस ठेवून बघू का?’ शिकाऊ डॉक्टरला म्हणेल, ‘आज सोडायचं नाही.’ आणि घरी वडिलांसमोर वाक्य अर्धंच सोडेल. बाई तीच. खोलीत सत्ता कुणाकडे आहे, त्यावर तिचं व्याकरण बदलतं. आपल्याकडे ती तिन्ही ठिकाणी एकाच पट्टीत बोलते आणि पन्नासाव्या भागानंतर डॉक्टर असल्याचंही विसरते.

सोसणारी बाई दाखवून सोसण्यावर टीका करता येते, असा युक्तिवाद कथाबैठकीत हमखास होतो. त्याला ‘हम लोग’चं उत्तर आहे. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ही मालिका मुद्दाम समाजप्रबोधनासाठी आखली होती. त्यातली आई भागवंती हे ‘असं वागू नये’ याचं उदाहरण म्हणून योजलेलं पात्र. पण अनेक प्रेक्षकांना, बायकांनासुद्धा, तीच आदर्श वाटली. सहानुभूती, कॅमेरा आणि वेळ ज्या पात्राला मिळतो, प्रेक्षक त्याच्या बाजूने जातो. लेखकाच्या मनातली टीका पडद्यावर उमटत नाही. ती उमटवायची तर सोसण्याची किंमत दाखवावी लागते, म्हणजे तिच्या गप्प राहण्याने दुसऱ्या कुणाचं, उदाहरणार्थ मुलीचं, काय नुकसान झालं ते.

भाषेबद्दल थोडक्यात. ‘तुझी हिंमतच कशी झाली?’, ‘माझी मदत कर’ ही हिंदीची कलमं आहेत. चिडलेली मराठी बाई ‘कुणाशी बोलतोयस?’ एवढंच विचारते आणि ते पुरतं. कामवाली किंवा गावाकडची मावशी आली की तिच्या तोंडी वऱ्हाडी ‘मले’, मालवणी ‘माका’ आणि दक्षिणेकडचं ‘लई’ एकाच परिच्छेदात येतात. अशी बोली कुठल्याच गावात नाही. उलट कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ सहज म्हणतात, ते कुणीतरी चूक समजून ‘आले’, ‘जाते’ करून टाकतं. बोली फक्त हसवण्यासाठी वापरायची असेल तर ती न वापरलेली बरी.

अ‍ॅलिसन बेक्डेल या अमेरिकन व्यंगचित्रकार बाईंच्या १९८५ च्या चित्रपट्टीतून आलेली सिनेमांची चाचणी हल्ली सगळ्यांना माहीत आहे: दोन बायका, त्यांचं एकमेकींशी बोलणं, आणि विषय पुरुषाखेरीज दुसरा. आपल्या मालिका पहिल्या दोन अटींत पैकीच्या पैकी गुण मिळवतात, कारण घरभर बायकाच असतात. अडतं तिसऱ्या अटीवर. पण ती चाचणी संवादाच्या दर्जाबद्दल काही सांगत नाही. पात्रांची नावं झाकून पान मोठ्याने वाचणं जास्त उपयोगी. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही, तर सासू, सून आणि नणंद ही एकच बाई आहे, साड्या फक्त तीन.

लेखिका नेमल्या की प्रश्न सुटेल, असंही काहींना वाटतं. लेखिका हव्यातच. परंतु घरगुती दैनंदिन मालिकेचा साचा मुळात एका लेखिकेनेच रुळवला. आयर्ना फिलिप्स यांनी १९३० मध्ये शिकागोच्या रेडिओवर, दुपारी घरात असणाऱ्या बायकांसाठी. साबण विकणाऱ्यांनी पुढे अशा मालिकांना पैसा पुरवला आणि ‘सोप’ हे नाव चिकटलं. टिपणातली क्रियापदं तीच राहिली तर ती कुणाच्या हातची आहेत याने संवादात फार फरक पडत नाही.

वाहिनीला लिहिणाऱ्या वाचकांना एक विनंती. ‘बायकांना फार रडकं दाखवता’ असं लिहिलेलं पत्र फायलीत जातं, त्यावर कुणाला काही करता येत नाही. भागाची तारीख लिहा, सीन लिहा, आणि ‘त्या वेळी तिने सरळ का विचारलं नाही?’ एवढाच प्रश्न लिहा. तो कथाबैठकीत वाचून दाखवता येतो आणि टेबलापलीकडच्या माणसाला उत्तर द्यावं लागतं.

आपला,
एक पटकथा-संवादलेखक