एप्रिलमध्ये याल तेव्हा

शांघाय

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

बाबा, इथली माणसं परक्यांशी कशी वागतात असं तुम्ही विचारलंत. गावागणिक तऱ्हा वेगळी. परदेशी माणूस तिथे किती दिसतो आणि त्याच्यावर कुणाचं पोट चालतं, यावर सगळं अवलंबून.

इथे ‘बंड’ नावाच्या नदीकाठच्या रस्त्यावर आईची साडी आणि टिकली बघून लोक फोटोसाठी थांबवतील. हे शांघायचे नव्हेत बरं, शांघायकर ढुंकूनही बघत नाहीत. लहान गावांतून सहलीला आलेले हे लोक. काही जण विचारतात, काही खुशाल मोबाईल धरतात. नको असेल तर हात हलवून पुढे जायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही.

यांगशुओ गावात उलट. ली नदीचा तिथला देखावा वीस युआनच्या नोटेवर आहे, पाठीवर पिशव्या टाकून फिरणारे गोरे तिथे कित्येक वर्षं येताहेत. तिथे परदेशी म्हणजे गिऱ्हाईक, बस्स. भाव चढा सांगतील, तुम्ही निम्म्यावरून सुरू करा. मंडईत करता तसंच.

लोंगजीच्या भातखाचरांवर मात्र आई, तुझी पंचाईत होणार. तिथे याओ जमातीच्या बायका पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत प्रवाशांच्या बॅगा घालून पायऱ्या चढतात. पुष्कळशा साठीच्या पुढच्या. तू ‘राहू दे हो’ म्हणत बॅग ओढून घेशील, आणि ती बाई चिडेल. तिची रोजी आहे ती. पैसे आधी ठरवायचे आणि वर पोचल्यावर हसून द्यायचे. लांबसडक केस सोडून दाखवायचेही तिथे पैसे घेतात. मला आधी ते खटकलं, आता नाही खटकत.

इथल्या नानजिंग रोडवर गोड इंग्रजीत ‘चहा प्यायला चला’ म्हणणाऱ्या मुलामुलींबरोबर मात्र जाऊ नका. चहाचं बिल हजारांत येतं. बाबा, हे खास तुमच्यासाठी, तुम्ही कुणाशीही गप्पा मारत बसता.

लहान हॉटेलं कधी कधी परदेशी पासपोर्ट बघून खोली नाही म्हणतात. त्यात द्वेष नसतो, पोलिसांकडे नोंद करायचा त्यांना धाक वाटतो. २०२४ मध्ये सरकारने बजावलंय की असं नाकारू नका, तरी अनुभव येतोच. म्हणून बुकिंग मीच करतेय.

आणि शीआन. तिथला मोठा पॅगोडा इ. स. ६५२ मध्ये बांधला, ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी. आपल्या चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात येऊन, महाराष्ट्रातले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं लिहून गेलेला तोच. त्या आवारात भारतातून आलोय म्हटलं की म्हातारी माणसं हटकून बोलायला थांबतात. भाषेची अडचण आहे, पण मोबाईल भाषांतर करतो. बाबा, तुम्हाला तिथून हलवायला मला कष्ट पडणार.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो लगेच पाठवा. आणि मेतकूट आण, पापड नको, चुरा होतो.

तुमची,
मनू