चेहरा छापलात, बास कापलात

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला डेव्ह हॉलंडवरचा लेख वाचला. मराठी दैनिकात जॅझच्या बासवादकाला अर्धं पान मिळालं याबद्दल आधी मनापासून आभार मानते, कारण पुढे जे लिहिते आहे ते रागाने लिहिते आहे.

लेखासोबतचा फोटो आपण स्वतः पाहिलात का? हॉलंडचा चेहरा, एक खांदा आणि कडेला तपकिरी लाकडाची पट्टी. ती पट्टी म्हणजे डबल बासची मान. बाकीचं माणसाएवढं वाद्य कापून टाकलं आहे आणि वाचलेल्या जागेत शेजारची जाहिरात मोठी झाली आहे. ज्याचं अख्खं आयुष्य त्या वाद्यात गेलं, त्याच्या हातातून ते काढून घ्यायचं आणि खाली ‘महान बासवादक’ अशी ओळ टाकायची, हे मला सहन झालं नाही.

आणि हॉलंडच्या बाबतीत तर हे व्हायलाच नको होतं. 1946 साली वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून बास गिटार वाजवत होता. जॅझच्या ‘डाउनबीट’ मासिकात बासवादकांमध्ये रे ब्राउनचं नाव पहिल्या क्रमांकावर वाचलं, म्हणून त्याच्या तबकड्या आणायला तो दुकानात गेला. तिथे त्याने लेरॉय व्हिनेगर या बासवादकाच्याही दोन तबकड्या घेतल्या, आणि त्या का घेतल्या? तर मुखपृष्ठावर तो माणूस आपल्या बाससकट उभा होता म्हणून! आठवड्याच्या आत हॉलंडने बास गिटार देऊन डबल बास घेतला. एका मुलाचा मार्ग ठरायला बाससकट काढलेला एक फोटो कारणीभूत झाला होता. रविवारी आपला अंक पाहणाऱ्या एखाद्या मुलाला काय दिसलं असेल? एक दाढीवाले गृहस्थ.

माझा राग इतका का, तेही सांगते. माझे वडील मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये डबल बास वाजवत. गोव्याकडच्या एका वादकाकडे ते शिकले. टॅक्सीच्या टपावर बास दोरीने बांधायचा आणि खिडकीतून हात बाहेर काढून वाटभर धरून बसायचं, असा त्यांचा प्रवास. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं इतकी घट्ट झाली होती की गरम तव्यावरची भाकरी ते त्याच बोटांनी उलटत. त्यांनी वाजवलेली गाणी आजही लग्नाच्या मांडवात लागतात. तबकडीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव. वादकांचं नाव नाही. त्याची त्यांना सवय होती, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

पण म्हातारपणी एका संस्थेने जुन्या वादकांचा सत्कार ठेवला. बाबा इस्त्रीचा कोट घालून गेले. व्यासपीठामागे त्या काळच्या एका रेकॉर्डिंगचा फोटो भिंतभर मोठा करून लावला होता. व्हायोलिनवाले, सतारवाले, मेंडोलिनवाले सगळे होते. बासवाला नेहमी मागे, उभा. त्यामुळे वरची बाजू छाटताना बाबांचं डोकं आणि बासचा माथा दोन्ही गेले होते. उरला होता बासवर टेकलेला एक हात. बाबांनी तो हात ओळखला. कार्यकर्त्याला मी विचारलं, तर म्हणाला, “ताई, फ्लेक्स आडवा होता ना.” बाबा शाल-श्रीफळ घेऊन घरी आले आणि जेवले नाहीत. त्यानंतर अशा कुठल्याही समारंभाला ते गेले नाहीत. आपल्याकडेही कारण तेच असणार, मांडणी आडवी होती.

आता लेखाबद्दल. निम्म्याहून अधिक मजकूर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसवर आहे. 1968 साली लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये माइल्सने या एकवीस वर्षांच्या मुलाला ऐकलं आणि न्यूयॉर्कला बोलावून घेतलं, ही गोष्ट सुरस आहे हे मान्य. पण त्याआधी गिल्डहॉलच्या संगीतशाळेत त्याने तीन वर्षं शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलं होतं, त्याला लेखात एक वाक्यही नाही. नशीब उघडलं म्हणे. माइल्सचा आधीचा बासवादक रॉन कार्टर, त्याच्या जागी उभं राहायला नशीब पुरत नाही. माइल्सची ‘इन अ सायलेंट वे’ ही तबकडी लावून पाहा. वर तीन-तीन कीबोर्डवाले मोकाट हिंडताहेत आणि खाली हॉलंड एक छोटीशी जागा मिनिटामागून मिनिटं धरून बसला आहे, कंटाळा नाही, हौसेची तान नाही. बाबा मला हेच सांगत, “वरचं सगळेच ऐकतात, तू खालचं ऐक.”

सगळ्यात खटकलं ते ‘माइल्सनंतर हॉलंड फारसा प्रकाशात राहिला नाही’ हे वाक्य. 1970 मध्ये तो माइल्सला सोडून गेला तो स्वतःहून, पियानोवादक चिक कोरियाबरोबर, जास्त मोकळं संगीत करायला. 1972 मध्ये त्याने स्वतःच्या नावाची पहिली तबकडी केली, ‘कॉन्फरन्स ऑफ द बर्ड्स’. सगळ्या रचना त्याच्या. लंडनच्या घराबाहेर उन्हाळ्यात भल्या पहाटे पक्षी जमून कलकलाट करत, त्यावरून हे नाव आलं. पियानो नाही, गिटार नाही. सॅम रिव्हर्स आणि अँथनी ब्रॅक्स्टन हे दोघे फुंकीची वाद्यं वाजवणारे, बॅरी आल्टशूल तालवाद्यांवर आणि बास. शीर्षकाची रचना पाच मात्रांत आहे. परदेशी दौऱ्यावरून आलेल्या एका सहवादकाने तिची कॅसेट बाबांना दिली होती. बाबा पाटावर बसून मांडीवर पाच मोजत ती ऐकत आणि मला म्हणत, “बघ, हा मागे उभा नाही, हा दार उघडतो आणि मग बाकीचे आत येतात.” याहून चांगलं वर्णन मी आजवर कुठल्या समीक्षकाकडून वाचलेलं नाही.

पुढे त्याने एकट्या बासची अख्खी तबकडी केली, एकट्या चेलोचीही. त्याच्या बिग बँडला दोन ग्रॅमी मिळाले. 2005 मध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. 2017 साली अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सने त्याला ‘जॅझ मास्टर’ म्हणून गौरवलं. हे ‘प्रकाशात नसणं’ असेल, तर प्रकाशाची मोजणी चुकते आहे.

आणि मुंबईच्या वाचकाला जे सर्वांत आधी सांगायला हवं होतं, ते लेखात कुठेच नाही! आपल्या माहीमच्या उस्ताद झाकिर हुसेन यांच्याबरोबर हॉलंड वाजवत होता. दोघे आणि सॅक्सोफोनवर ख्रिस पॉटर, अशा तिघांची ‘गुड होप’ 2019 मध्ये आली. तबला आणि बास एकमेकांना जागा देत, एकमेकांच्या समेची वाट पाहत कसे चालतात ते त्यात ऐकावं. झाकिरभाई 2024 च्या डिसेंबरमध्ये गेले तेव्हा आपण चार पानं काढली होती. ती मी जपून ठेवली आहेत. त्यातही हॉलंडचं नाव नव्हतं, म्हणून यावेळी तरी असेल असं वाटलं होतं.

माझी विनंती एवढीच, की येत्या रविवारी तो फोटो पुन्हा, पूर्ण छापावा. लहान छापा, चालेल. पण वाद्य त्यात दिसू द्या.

लिहितेच आहे तर आणखी एक. शुक्रवारी येणारी मैफलींची यादी आपण बंद केलीत. शहरात कोण कुठे गातं-वाजवतं हे आमच्यासारख्यांना तिथूनच कळायचं. मोबाइलवर शोधा म्हणणं सोपं आहे, पण माझ्या ओळखीतले अर्धेअधिक श्रोते सत्तरीच्या पुढचे आहेत आणि यादी बंद झाल्यापासून त्यांचं मैफलींना जाणं थांबलं आहे. ती पुन्हा सुरू करावी, आणि सुरू केलीत तर साथीदारांची नावंही त्यात द्यावीत.

आपली,
एक वाचक, गिरगाव, मुंबई