सातबाऱ्यावरचं नाव

एडिसन, न्यू जर्सी
१४ सप्टेंबर २०२५

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहितेय. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि पलीकडे आई, वहिनी, दूध घालायला आलेला माणूस, सगळेच ऐकतात. त्यात विषय सातबाऱ्याचा. बहिणीने सातबाऱ्याचं नाव काढलं की लोक भलतंच ऐकतात, म्हणून आधीच सांगते : वाटणी नकोय. मला फक्त जमिनीचा एक आकडा हवाय, माझ्या चिऊच्या कॉलेजच्या अर्जासाठी.

चिऊ यंदा बारावीला आहे. इथे बारावीत परीक्षेपेक्षा अर्जांचीच धामधूम जास्त. आपल्या बंटीला सीईटी, मग पर्सेंटाइल, मग कॅप राउंड. एका आकड्यावर पोराचं नशीब. इथे नववीपासूनचे सगळे मार्क कॉलेजला जातात आणि हे आम्हाला ती नववीत असताना ठाऊकच नव्हतं. नववीचे मार्क कोण विचारतंय, हे आपलं घरचं शहाणपण. नेमके त्याच वर्षी अण्णा गेले. फेब्रुवारीत तीन आठवडे आम्ही गावी होतो, आणि परत आल्यावर पोरीला भूमितीत सी मिळाला. तो अजून तिथेच बसलाय, पुढच्या सगळ्या ए-च्या रांगेत. शाळेतल्या कौन्सेलर बाई म्हणाल्या, अर्जात जादा माहितीला जागा असते, तिथे कारण लिही, पण थोडक्यात. तिने तीन वाक्यं लिहिली : आजोबा गेले, आम्ही भारतात होतो, उन्हाळ्यात मी भूमिती पुन्हा शिकले. मी असते तर पानभर लिहिलं असतं.

कॉमन अ‍ॅप नावाचा एकच अर्ज वीस कॉलेजांपर्यंत चालतो. त्यात ६५० शब्दांचा निबंध, आणि अभ्यासाबाहेर काय केलं त्याचे दहा रकाने, दर रकान्याला १५० अक्षरं. चिऊ दोन वर्षं आइस्क्रीमच्या दुकानात काम करते, शनिवार-रविवार. मला वाटायचं, भांडी विसळणं काय लिहायचं अर्जात? तिथे भरतनाट्यम लिही म्हटलं. तर बाई म्हणाल्या, नोकरी सगळ्यात वर लिही. एसएटी, म्हणजे इथली कॉलेज प्रवेशाची परीक्षा, मार्चमध्ये दिली. कोविडपासून बऱ्याच कॉलेजांनी ती ऐच्छिक केली होती, आता एमआयटीसारखी काही पुन्हा मागायला लागलीत. दिली ते बरं झालं.

हे सगळं पोरगी निभावेल. माझी झोप उडालीय ती पैशाच्या अर्जाने. त्याला इथे फाफ्सा म्हणतात. सरकारी मदत, शिवाय बहुतेक कॉलेजांची मदत त्याच्यावरच ठरते, आणि तो १ ऑक्टोबरपासून भरता येतो. आपलं ग्रीन कार्ड झालंय म्हणून तरी तो भरता येतोय. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू मुलीचे मार्क चिऊपेक्षा सरस आहेत, पण ती अजून एच-फोरवर, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसामागून मिळणाऱ्या व्हिसावर; तिला केंद्र सरकारच्या मदतीचा एक डॉलर मिळायचा नाही. तिच्या आईसमोर मी फाफ्साचा विषय काढत नाही.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला २०२४ चा टॅक्स धरतात. मिळकत किती, बँकेत किती, हे ठीक. राहतं घर विचारत नाहीत, रिटायरमेंटचे पैसे विचारत नाहीत. पण त्याखेरीज जमीनजुमला जगात कुठेही असो, तो आजच्या बाजारभावाने लिहायचा, त्यावरचं कर्ज वजा करून. शेतावर राहणाऱ्या कुटुंबाला आता सूट आहे, पण आपण शेतावर राहतो असं मी एडिसनमधून कुठल्या तोंडाने म्हणू?

आता रागावू नकोस. पुण्याच्या आतेबहिणीला सांगून मी सातबारा काढून घेतला, सरकारच्या महाभूमी साइटवरून, पंधरा रुपयांत. तुला विचारायला हवं होतं. फोनवर पीडीएफ उघडली तर अण्णांच्या नावाला कंस पडलेला, आणि खाली आई, तू, मी. तलाठ्याने माझं नाव माहेरचंच लिहिलंय. पासपोर्टवर, टॅक्सवर, शाळेच्या कागदांवर सगळीकडे सासरचं आडनाव, आणि त्या एका कागदावर मी अजून अण्णांची. पाच-दहा मिनिटं मी कार पार्किंगमध्ये तशीच बसून होते.

तर हिशेब असा. साडेचार एकर, तिघांत, म्हणजे माझ्या नावावर दीड. एकरी वीस लाख धरले (तू हसशील, पण मला तिथला भाव काय माहीत) तर तीस लाख, म्हणजे चौतीस हजार डॉलर. आईबापाच्या अशा मालमत्तेतून वर्षाला जास्तीत जास्त ५.६४ टक्के तुम्ही फीला देऊ शकता असं ते गृहीत धरतात. म्हणजे एकोणीसशे डॉलर, वर्षाला. ज्या शेतातून मी वर्षाला एक गुळाची ढेप घेते, तीही वहिनींनी आठवणीने बांधून दिली तर, त्या शेतापायी आमचा वाटा एवढा वाढणार.

इथल्या आपल्या मराठी मंडळींनी सल्ले दिलेच. तिकडचं इथे कोण बघतंय, लिहू नको. दुसऱ्याने सांगितलं, अर्ज भरायच्या आधी भावाला हक्कसोडपत्र करून दे, त्या दिवशी नावावर नसलं की झालं. पहिलं मी करणार नाही, खाली सही माझी आहे. दुसरंही नाही. सोडायचं असेल तेव्हा तुझ्यासाठी सोडेन, फॉर्मसाठी नाही. आणि खरं सांगू, सध्या सोडावंसं वाटत नाही. हे वहिनींना वाचून दाखवलंस तरी चालेल.

सातबाऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसतोय. तो किती बाकी आहे ते कळव, माझ्या वाट्याचा मला वजा करता येईल. आणि शेजारच्या गटाचा व्यवहार गेल्या वर्षी झाला म्हणालास, तो खरोखर कितीला झाला? दस्तावरचा नको, खरा भाव सांग. काही खाजगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा अर्ज मागतात, त्यात तर राहतं घरही येतं, तेव्हा आकडा एकदाच नीट लिहिलेला बरा.

फीचे आकडे आईला सांगू नकोस. खाजगी कॉलेजाचा बोर्डावरचा भाव वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर आहे, पण तो आंब्याच्या पहिल्या पेटीसारखा. बरेच जण तेवढे देत नाहीत. प्रत्येक कॉलेजाच्या साइटवर कायद्यानेच हिशेबाचं यंत्र ठेवावं लागतं, त्यात आपली मिळकत घातली की आपल्याला अंदाजे किती पडेल ते कळतं. गंमत म्हणजे एका महागड्या कॉलेजाचा हिशेब आमच्या इथल्या सरकारी विद्यापीठापेक्षा, रटगर्सपेक्षा, कमी निघाला. रटगर्स राहण्याजेवणासकट पस्तीस-चाळीस हजारांच्या आसपास जातं. चिऊला मात्र रटगर्सच हवंय, मैत्रिणी आहेत म्हणून. १ नोव्हेंबरच्या आत तिथला अर्ज टाकायचाय.

अण्णांचा महाळ झाला का? वाडीला काय केलं होतं? सोसायटीच्या पावतीचा फोटो महिनाअखेरपर्यंत पाठव, आणि बंटीला म्हणावं, कॅप राउंडमध्ये काय मिळालं ते आत्याला स्वतः कळव.

तुझी,
ताई नसलेली, धाकटीच